काच काढायचं कॉर्डलेस मशीन घेताना

गाडीची पुढची काच पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटने, म्हणजे रबरासारख्या चिवट गोंदाने, पत्र्याला चिकटवलेली असते. ते कापायला ऑसिलेटिंग मल्टी-टूल (पातं वेगाने डावी-उजवीकडे हलवणारं मशीन) घेताना दुकानदार आधी व्होल्ट सांगेल. १८ व्होल्ट पुरेसे असतात, बघायचं ते स्पीडचं डायल. फुल स्पीडवर घर्षणाने सीलंट मऊ होऊन पात्याला चिकटतं आणि पातं अडकतं. स्पीड मध्यम ठेवा, मधूनमधून पाण्याचा फवारा मारा.

पातं सीलंटच्या रुंदीपेक्षा फार लांब नको, नाहीतर आतली ट्रिम (कडेची प्लास्टिकची पट्टी) आणि वायरिंग कापली जाते. काचेखालच्या पत्र्याचा रंग खरवडला तर तिथे गंज धरतो आणि नवी काच नीट बसत नाही. खरवडलंच तर प्राइमर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. मशीनचं डोकं डॅशबोर्डच्या कोपऱ्यात शिरतं का, हे दुकानातच गाडीवर लावून बघा. कॅटलॉगमध्ये ते कळत नाही.

तुमच्याकडच्या ड्रिलचीच बॅटरी या मशीनला चालत असेल तर उत्तम. सिन्नर-घोटीला गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन काम करत असाल तर एका मोठ्या बॅटरीपेक्षा दोन लहान बऱ्या, मनगट वाचतं. नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. आणि हो, चष्मा-हातमोजे त्याच बिलात घ्या.