पिवळे चेहरे, हिरवट भिंती: लग्नाच्या फोटोंचं कलर करेक्शन

लग्नाच्या फोटोंचं एडिटिंग शिकायला येणारी मुलं आधी सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, ते विचारतात. लाइटरूम परवडत नसेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत आणि दोन्हींवर मन लावून काम करता येतं. त्यापेक्षा महत्त्वाचं हे, की फोटोतली कुठली वस्तू खरोखर पांढरी किंवा राखाडी होती ते तुम्हाला ओळखता यायला हवं.

नुसत्या नजरेवर विसंबू नका. पिवळट फोटोकडे थोडा वेळ बघत राहिलं की डोळा त्याला सरावतो आणि तो ठीक वाटू लागतो. त्यापेक्षा राखाडी जागेवर कर्सर नेऊन लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे वाचा. ते जवळपास सारखे हवेत. १७८, १७६, १५० असं दिसलं तर निळा कमी पडलाय, म्हणजे पिवळी झाक आहे. (लाइटरूममध्ये हे आकडे टक्क्यांत दिसतात.)

आपल्या लग्नात अंतरपाट असतो, गुरुजींचं धोतर असतं. ड्रॉपर (ज्या जागी क्लिक कराल ती राखाडी धरून फोटोचे रंग जुळवणारं टूल) तिथे लावता येतो, पण झळाळणाऱ्या भागावर नको. तिथे एखादा चॅनल, म्हणजे लाल, हिरवा किंवा निळा आकडा, २५५ या कमाल मर्यादेला टेकलेला असतो आणि हिशेब चुकतो. सावलीतली घडी निवडा. सुती कापड मुळातच पिवळसर असेल तर फोटो निळा पडतो. नीळ दिलेल्या शर्टाने उलट होतं. म्हणून फोटोग्राफरला सांगून ठेवा: उजेड बदलला की एक फोटो ग्रे कार्डचा, म्हणजे खात्रीच्या राखाडी रंगाच्या कार्डाचा, काढ.

टेंपरेचरचा स्लायडर नवख्यांना हमखास गोंधळात टाकतो. बल्बचा पिवळा उजेड साधारण ३००० केल्विनचा, भर दुपारचा ५५०० च्या आसपास. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. मग आकडा वाढवला की फोटो पिवळा का होतो? कारण तिथे आपण ‘उजेड असा होता’ एवढंच सांगतो. उजेड निळा होता असं सांगितलं की सॉफ्टवेअर भरपाई म्हणून पिवळा वाढवतं. शेजारचा टिंट हिरव्या-मॅजेंटासाठी. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीची हिरवट झाक तिथेच निघते.

सगळ्यात छळतो तो दुपारचा मांडव. केशरी कापडातून गाळून आलेल्या उन्हात निळा जवळजवळ उरतच नाही. जेपेगमध्ये तो ओढून वाढवला की चेहऱ्यावर रवाळ ठिपके उठतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) असेल तर बरंच सावरतं, कारण तिच्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते, पक्का झालेला नसतो. तरीही तिथे थोडा केशरीपणा मी मुद्दाम ठेवतो. मांडवात उभं असताना माणसं तशीच दिसत होती.

हळदीच्या फोटोंवर ऑटो, म्हणजे सॉफ्टवेअरने आपणहून केलेलं करेक्शन, वापरू नका. सगळी फ्रेम पिवळी दिसली की ते पिवळाच दोष समजतं आणि नवरीला निळसर करून टाकतं. हळद न लागलेली त्वचा तपासा: माणूस गोरा असो वा सावळा, तिथे लाल सर्वात जास्त, मग हिरवा, मग निळा असा क्रम हवा.

खिडकीचा निळा आणि झुंबराचा पिवळा उजेड एकाच फोटोत असेल तर एका सेटिंगने भागत नाही. चेहरे जमवून घ्या आणि उरलेल्या भागाला मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, वेगळं टेंपरेचर द्या. मग तेच सेटिंग त्याच उजेडातल्या बाकीच्या फोटोंना लावा, नाहीतर अल्बमच्या समोरासमोरच्या पानांवर एकाच नवरीचे दोन रंग दिसतात. काम करताना लॅपटॉपचा नाइट लाइट (स्क्रीन पिवळट करणारी सोय) बंद हवा. लॅबला सगळं पाठवण्याआधी दोन-चार प्रिंट काढून दिवसाउजेडी बघा.