खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या मोठ्या टाकीत वाळू घालताना

सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद टाकीत 4 सेंटीमीटर थर द्यायचा तर साधारण 43 लिटर, म्हणजे जवळपास 65 किलो वाळू लागते. एवढी सगळी पाकीटबंद 'लाइव्ह सँड' (जिवंत जिवाणू असलेली वाळू) घेऊ नका, पैसे वाया जातात. कोरडी वाळू घ्या आणि वर चालू टाकीतली दोन-तीन किलो पसरा. जिवाणू हळूहळू खालपर्यंत पोचतात.

परवडत असेल तर अ‍ॅरागोनाइट (चुन्याची वाळू) उत्तम. नाहीतर स्विमिंग पूलच्या फिल्टरची सिलिका वाळू खुशाल वापरा. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली दाखवणारा आकडा) 8 च्या वर असताना अ‍ॅरागोनाइट फारशी विरघळतच नाही, त्यामुळे वाळू पीएच सांभाळेल या आशेवर जादा पैसे मोजू नयेत. दुकानदार काहीही सांगो, चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा: फसफसली तर चुन्याची, शांत राहिली तर सिलिका. दाणा एक-दोन मिलिमीटरचा बरा. फार बारीक वाळू पंपाच्या झोतात उडते, जाड कोरल चुऱ्यात घाण अडकते.

किनाऱ्यावरून फुकट मिळते म्हणून मात्र उचलून आणू नका. तिच्यात तेल, सांडपाणी काय असेल सांगता येत नाही, आणि कोकणातल्या काळसर वाळूत लोहखनिजाचे कण असतात, ते चुंबकाला चिकटतात. शिवाय आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याचे तुकडे गोळा करू नयेत.

कोरडी वाळू बादलीतलं पाणी नितळ येईपर्यंत धुवा. आधी दगड थेट काचेवर बसवा, मगच वाळू ओता. वाळू उकरणारे मासे दगडाखालून ती काढतात आणि दगड कोसळतो.