सण ज्याच्याकडं बोट दाखवतोय तिकडं आधी बघा (कोल्हापुरात राहून वर्ष जगायची रीत)

सणाचं सगळं यथासांग होतं, पुरणपोळी होते, फोटो टाकून होतात, पाहुणे येऊन जातात, आणि तरी संध्याकाळी काहीतरी राहून गेलं असं वाटत राहतं, हे मी बऱ्याच जणांकडनं ऐकलंय, जास्त करून पुण्याला नाहीतर बेंगलोरला नोकरी करून सणाला दोन दिवस गावाकडं येणाऱ्यांकडनं. त्यांच्यासाठी आणि इथंच राहूनही ज्यांना तसं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझी रीत साधी आहे. आपला जवळजवळ प्रत्येक सण घराबाहेरच्या कशाकडं तरी बोट दाखवतो, नदीकडं, उन्हाकडं, पिकाकडं, नाहीतर चंद्राकडं. आपण पूजा करतो, नैवेद्य दाखवतो आणि ते बोट कुठं आहे तिकडं बघायचंच राहतं. तर आधी तिकडं जाऊन बघायचं, मग घरी येऊन पूजा. तुम्ही देवाला मानणारे असा नाहीतर नसा, एवढं दोघांनाही जमतं.

सुरुवात नदीपासनं करा कारण कोल्हापूरचं वर्ष खरं तर पंचगंगेवरच चालतं. आषाढात पहिल्या पावसाचं तांबडं पाणी आलं की मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लोगल्लीनं त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाई देवीची, यात्रा निघते, बायका-पोरी नटून सजवलेले कलश डोक्यावर घेतात, नदीचं नवं पाणी भरून पुढं पी-ढबाक वाजत टेंबलाईच्या टेकडीवर जातात, आणि ते पाणी देवीच्या पायऱ्यांवर ओतलं जातं. आपण बहुतेक जण त्या दिवशी घरी मटणाची वाटणी किती वाजता येणार एवढंच विचारतो. यंदा एक करा, तुमच्या गल्लीची यात्रा असेल त्या दिवशी सकाळी आधी नदीवर जा, घाटावर उभं राहून पाण्याचा रंग बघा, हाताच्या ओंजळीत घेऊन बघा, त्यात गाळ असतो, बारीक काटक्या असतात, कुठल्यातरी वरच्या गावची माती असते. राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा अशा सगळ्या बाजूंचा पाऊस भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीतनं वाहत इथं आलेला असतो. मग ते पाणी डोक्यावर घेऊन टेकडी चढताना आपण काय वर नेतोय हे कळतं, आणि माझ्या मते देवीला काय म्हणायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि तीच नदी महिन्याभरात भीती पण घालते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 फुटाला धोका, हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतात, 2019 आणि 2021 ज्यांनी बघितलंय त्यांना तर जास्तच. मला वाटतं आषाढातली पूजा आणि श्रावणातली भीती वेगवेगळी ठेवू नये. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी चढतं, मंदिरात शिरतं, पादुकांवरनं वाहत दक्षिण दारातनं बाहेर पडतं तेव्हा लोक त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात आंघोळीला जातात. पाणी अजून वाढलं की उत्सवमूर्ती उचलून वरच्या जागी नेतात. म्हणजे देव पुराला नाही म्हणत नाही आणि पुरात बसून पण राहत नाही, योग्य वेळी हलतो. मला तरी भक्तीचा एवढा शहाणा नमुना दुसरा माहीत नाही. पावसाळ्यात रोज संध्याकाळी पाणीपातळी मोबाईलवर बघताच ना, ती बघताना दोन मिनिटं नदीकाठच्या घरांचं नाव मनात घ्या, आंबेवाडी, चिखली, शिरोळकडची गावं, तुमचं कोणी असेल त्याला फोन करा. माझ्यासाठी ती पण संध्याकाळची प्रार्थनाच आहे.

नदीनंतर ऊन. किरणोत्सव सगळ्यांना माहीत असतो पण तो नीट बघितलेले कमी. अंबाबाईची मूर्ती पश्चिमेकडं तोंड करून आहे, त्यामुळं मावळतीचं ऊन महाद्वारातनं सरळ आत येऊ शकतं, आणि परंपरेनं 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी असे दिवस मानतात, पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. हे दोनदाच का होतं याचा विचार करून बघा. 21-22 डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो, नोव्हेंबरचे ते दिवस त्याच्या साधारण चाळीस दिवस आधीचे आणि फेब्रुवारीचे तेवढ्याच दिवसांनंतरचे, म्हणजे सूर्य दक्षिणेला जाताना एकदा आणि परत येताना एकदा त्याच जागेवर मावळतो. जाताना भेट आणि येताना भेट. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांना ते दिसलं होतं, हे मला कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटतं.

बघायला जायचं तर लवकर जा, साडेचारपर्यंत तरी, आणि स्क्रीनवर बघण्यापेक्षा जमिनीवरचं ऊन बघा. ते गरुड मंडपातनं हळूहळू सरकत येतं, पितळी उंबऱ्यापाशी येतं, मग चांदीचा उंबरा, मग आत. सरकताना ते पिवळ्याचं केशरी होत जातं, आणि एखादा ढग आडवा आला की सगळा पट्टा एकदम पुसला जातो आणि आख्खी गर्दी एका आवाजात हळहळते. बाष्प असलं, धूळ असली, वाटेत कुठलं बांधकाम आडवं आलं तर किरण चरणापर्यंत पोहोचत पण नाहीत. अशा दिवशी लोक "यंदा झालं नाही" म्हणून चुकचुकत परत जातात. तुम्ही थांबा थोडं. जो उजेड यायला एवढी वाट बघावी लागते आणि जो कधी कधी येतही नाही तोच उजेड आपल्या घराच्या खिडकीतनं रोज फुकट येतो, हे त्या दिवशी फार जवळनं जाणवतं. गर्दी झेपत नसेल किंवा तुम्ही लांब राहत असाल तर घरच्या घरी करा, पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन भिंतीवर कुठं पडतं तिथं पेन्सिलनं एक रेघ, दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, त्याच वेळेला. डिसेंबरमध्ये ती रेघ वळते तेव्हा उत्तरायण म्हणजे काय ते पोरांना समजवायला लागत नाही. संक्रांत मात्र 14-15 जानेवारीला येते कारण तो हिशोब तारकांवरचा आहे आणि पृथ्वीचा आस हळूहळू फिरत असल्यामुळं शतकानुशतकं तो सरकत गेलाय, साधारण 72 वर्षांत एक दिवस. ह्यात चूक कोणाची नाही, आकाश मोठं आहे एवढंच.

इथं एक बोलून घेतो. प्रत्येक सणामागं "वैज्ञानिक कारण" सांगणारे मेसेज फिरत असतात, अमुक खाल्ल्यानं रक्त शुद्ध होतं, तमुकनं जंतू मरतात. मला ते नको वाटतं. कडुलिंब पाडव्याला खायचा तो कडू आहे म्हणून, वर्षाचा पहिला घास कडू आणि त्यात गूळ, एवढं पुरे आहे. देवाला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही.

आता खाण्याकडं या, कारण वर्ष सगळ्यात आधी जिभेला कळतं. संक्रांतीच्या आधी एकदा तरी गुऱ्हाळावर जा, आजकाल कमी झालीत पण करवीर, पन्हाळा भागात अजून सापडतात. रस काहिलीत उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालून मळी वर काढतात, ती झाऱ्यानं बाजूला करतात, चुलवाणात चिपाडं टाकत एक माणूस खाली बसलेला असतो ज्याचं तोंड जाळानं लाल झालेलं असतं, आणि गुळव्या मध्येच थोडा पाक पाण्यात टाकून बोटानं चोळून बघतो, गोळी झाली की काहिल उतरवायची. त्याच्या हातात घड्याळ नसतं. ते बघून आल्यावर घरी तिळगूळ वळा, नुसता आणून वाटू नका. त्या एका गुळाच्या खड्यात किती जणांची थंडी गेलीय हे डोळ्यासमोर असलं की "गोड बोला" हे म्हणताना आवाज बदलतो. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि ती मिसळीची भाजी, हरभरा, पावटा, गाजर, वांगी, त्या आठवड्यात शेतात जे आहे तेच ताटात, तिथं वेगळा अर्थ शोधायची गरजच नाही. तसंच रेणुकेच्या आंबील यात्रेला, आंबील, भाकरी, मेथीची भाजी, कांद्याची पात, गाजर. एखाद्या वर्षी ताट वाढताना प्रत्येक पदार्थाला विचारा की तू कुठनं आलास, आणि ज्याचं उत्तर माहीत नाही ते बाजारात विचारून घ्या.

बेंदराचं, म्हणजे बैलांच्या सणाचं, थोडक्यात सांगतो. घरात बैल नाहीत म्हणून आपण कुंभाराकडनं मातीची जोडी आणतो. आणायला पोरांना घेऊन पापाची तिकटीला कुंभार गल्लीत जा, ऑनलाईन मागवू नका, हात मातीत असलेला माणूस बघू दे त्यांना. जमलं तर एखाद्या खऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवू दे.

गौरीला तेरड्याचा डहाळा आणताना पण असंच, तो पाणवठ्यावरनं आणायची रीत आहे तर पाणवठ्यावर जा. पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरीच असते, माहेरी आलेल्या लेकीला जे घरात असतं ते, दुसऱ्या दिवशी गोडधोड, आणि मग शंकरोबा न्यायला येतात. घरातली जी लग्न होऊन गेलीय तिला त्या दिवशी फोन करा, सासरी असेल तर "कधी येतीस" विचारा. मला तर गौरीच्या गाण्यांचा सगळा अर्थ ह्या एका प्रश्नात दिसतो.

सगळ्यात जड जागा भाद्रपदाच्या शेवटची. पंधरवडाभर म्हाळ घालायचे, गेलेल्यांची नावं घ्यायची, सर्वपित्रीला संपवायचं आणि दुसऱ्याच दिवशी घट बसवायचा. मधे एक रात्र. आदल्या दिवशी आजोबांचं नाव घेऊन कावळ्याची वाट बघितलेली असते आणि सकाळी पत्रावळीत काळी माती पसरून त्यात धान्य पेरायचं असतं. हे पेरणं दुसऱ्याला सांगू नका, स्वतः करा. माती शेतातनं आणा, शेत नसेल तर ओळखीच्याकडनं मागा, ती देणारा आनंदानं देतो. हातानं ढेकळं फोडा, धान्य विस्कटा, वरनं पातळ थर द्या, पाणी शिंपडा, जास्त नको नाहीतर कुजतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला बारीक भेगा पडतात आणि पांढरट टोकं दिसतात, मग ती पिवळी होतात, आणि दसऱ्याला ते कोंब टोपीत, केसात खोवून लोक दसरा चौकात सोनं लुटायला येतात. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलंय त्या घराला हा क्रम सगळ्यात जास्त लागतो असं मी बघितलंय. दुःखाच्या वर्षी सण करायचा नाही म्हणतात ते मला मान्य आहे, गोडधोड नका करू, पण सुतक संपलेलं असेल आणि घरच्यांना चालत असेल तर मूठभर धान्य पेरायला हरकत नसावी. आणि शेजारी असाल तर दिवाळीत त्यांच्या घरी फराळाचा डबा देऊन या, दारात उभं राहून "काही लागलं तर सांगा" म्हणण्यापेक्षा आत जाऊन बसा.

चंद्राला विसरू नका. आपले महिने अमावास्येला संपतात, त्यामुळं कुठला सण येतोय ते गच्चीवर जाऊन कळतं. घाटावर त्रिपुरारीच्या पहाटे हजारो पणत्या लागतात ते बघाच, पण एखाद्या वर्षी त्याच पौर्णिमेच्या रात्री खिद्रापूरला जा, कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला वरनं गोल उघडं ठेवलंय आणि मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्या गोलावर येतो. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सूर्याचं 365 चं, म्हणून फरक भरायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो, 2023 ला अधिक श्रावण होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ. लोक त्याला धोंड्याचा महिना म्हणून जावयाला अनारसे देतात, ते द्याच, पण हा महिना दिला कशाला तर सण ऋतूपासनं सुटू नयेत म्हणून. मोहरमच्या हिशोबात असा जादा महिना नाही, म्हणून आपल्या तालमींमध्ये पंजे कधी पावसात बसतात तर कधी उन्हात, आणि तरी सगळ्या जातीधर्माची माणसं तिथं येतात. एक सण ऋतूला धरून बसतो, एक सगळ्या ऋतूंतनं फिरतो. कोल्हापूरकराला दोन्ही घरचेच.

सगळे सण असे करायला जाऊ नका, दमाल आणि सोडून द्याल. वर्षात तीन-चार निवडा, एक पाण्याचा, एक उन्हाचा, एक पेरण्याचा, जमलं तर एक माणसांचा. एक स्वस्तातली वही घ्या, त्या दिवशी काय दिसलं ते चार ओळीत लिहा, काय वाटलं ते नंतर, आधी काय दिसलं ते: पाणी कुठल्या पायरीला होतं, ऊन कुठपर्यंत आलं, कोंब कितव्या दिवशी दिसले, ताटात काय होतं, घरात कोण कोण होतं. पुढच्या वर्षी त्याच दिवशी आधी ते पान घरात मोठ्यानं वाचा आणि मग बाहेर पडा. लांब असाल तर घरी फोन लावून आईला नाहीतर काकींना विचारा की नदीला पाणी कितपत आलंय, तेरडा फुललाय का, आणि त्या सांगतील तेच वहीत उतरवून घ्या, त्यांच्याच शब्दात.