मॉडिफाय केलेल्या इम्पोर्टेड गाडीचा विमा: या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारात बसून मी मोटार विम्याची कामं करतो. पावसाळा तोंडावर आला की फोन ठरलेला: "काका, गाडी बाहेरची आहे, थोडं काम केलंय. स्वस्तातली पॉलिसी बघा ना." सगळं अडतं ते त्या 'थोड्या कामा'त.

काम लपवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ओळखीतल्या एका मुलाने मुंबईहून जुनी जर्मन सेडान आणली होती. मोठे अलॉय, एक्झॉस्ट बदललेला, ईसीयू रिमॅप (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) आणि बंपरलगत खाली बसवलेला इनटेक, म्हणजे इंजिनात हवा ओढणारा पाइप. पॉलिसी त्याने रात्री मोबाइलवर काढली. 'गाडीत बदल केले आहेत का?' या प्रश्नाला 'नाही' दाबलं, कारण 'हो' दाबलं तर प्रीमियम लगेच दिसत नव्हता, तपासणीला माणूस येणार होता. दोन दिवस थांबायचा धीर नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली. पाणी ओसरल्यावर पार्किंगमधल्या त्या गाडीवर गाळाची रेघ बरोबर बंपरच्या वर होती. मला फोन करण्याआधी त्याने स्टार्टचं बटण दाबलं. ठक्कन आवाज आला आणि इंजिन जाम झालं. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेयरने पहिला फोटो काढला तो इनटेकचा. इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जादा कव्हर, घेतलेलं नव्हतं, त्यामुळे इंजिनाचे पैसे नाकारले. बदल लपवल्याने उरलेला क्लेमही अडकला.

माझी सवय सांगतो. पॉलिसीआधी बदललेल्या प्रत्येक भागाचा फोटो आणि बिल कंपनीला ईमेलने पाठवतो आणि लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू देत नाही. जादा इलेक्ट्रिक सामानाला त्याच्या किमतीच्या साधारण ४ टक्के प्रीमियम वाढतो, म्हणजे ५० हजारांच्या म्युझिक सिस्टीमला दोन हजार. एवढ्यासाठी खोटं बोलायचं? इंजिनच बदललं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. रिमॅपला एक कंपनी नाही म्हणाली तर दुसरीला विचारा. कोणीच घेत नसेल तर मूळ मॅप परत टाका. आणि गाडीत पाणी शिरलंय अशी शंका आली तरी बटणाला हात लावू नका. गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा.

दुसरी चूक, प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, खाली ओढणं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. बाहेरून येणारा एक हेडलाइट आणि बंपर यांचं कोटेशन हातात घेऊन बघा, कळेल ती रेघ किती जवळ आहे. मग हातात येते ती तुम्हीच कमी केलेली रक्कम. पैसे वाचवायचेत तर व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेमच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, वाढवा.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो, तो किरकोळ ओरखड्यासाठी घालवू नका. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तोही गेला.

जुनी गाडी घेतलीत तर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, विकणारा काहीही सांगो.