एरंडेलातला रवा आणि डायपोल: या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की एरंडेल तेलात रवा भुरभुरून विद्युत क्षेत्राच्या रेषा दाखवणारा एक तरी स्टॉल असतोच. प्रयोग झकास आहे, पण स्पष्टीकरण दरवर्षी तिथेच घसरतं.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे रव्याचा कण हा कायमचा डायपोल (एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार असलेला) समजणं, चुंबकसूचीसारखा. एका प्रदर्शनात मी परीक्षक होतो. तक्त्यावर ठसठशीत लिहिलेलं: 'तारा उलट्या जोडल्या की कण १८० अंशांत फिरतात.' म्हटलं, दाखवा. पोरांनी सप्लाय बंद केला, तारा बदलल्या, पुन्हा चालू केला. कण ढिम्म. मग व्होल्टेज वाढवलं, तरी ढिम्म. शेवटी सरच पुढे झाले, "तेल दाट आहे ना, वेळ लागतो."

तेल दाट आहेच, पण बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. रव्यातला डायपोल क्षेत्रामुळेच तयार होतो. क्षेत्र उलटलं की कणाच्या आतले प्रभार उलटे सरकतात आणि लांबट कण होता तसाच क्षेत्राच्या रेषेत पडून राहतो. त्याला वळायचं कारणच उरत नाही. म्हणून तर एसीवरही, म्हणजे दिशा सतत उलटणाऱ्या विद्युत प्रवाहावरही, कणांच्या साखळ्या होतात. पाण्याच्या रेणूचं वेगळं. त्याचा डायपोल जन्मजात, सुमारे १.८५ डिबाय (डायपोलची ताकद मोजायचं एकक). ही दोन प्रकरणं एकाच आकृतीत कोंबू नका.

दुसरी चूक: 'डायपोल एकमेकांना ओढतात' एवढंच पाठ करणं. एकामागे एक असले तर ओढतात, एकाच दिशेला तोंड करून शेजारी उभे असले तर ढकलतात. म्हणून तर गोळा न होता साखळी होते. अंतर दुप्पट झालं की हे बल सोळाव्या हिश्श्यावर येतं, त्यामुळे खरा खेळ लगतच्या कणांचाच. अमेरिकन संशोधक विलिस विन्स्लोने तेलातल्या अशा साखळ्यांवर १९४९ मध्ये लेख लिहिला, तोही याच ओढाताणीचा.

दमट रवा वापरू नका. मी तव्यावर कोरडा परततो आणि पूर्ण गार होऊ देतो.

चमचाभर नको, चिमूटभर पुरे. चिखलात रेषा दिसत नाहीत.

सप्लाय शाळेच्या प्रयोगशाळेतलाच घ्या, करंट मर्यादित ठेवणारा. घरच्या प्लगवरून जुगाड करणाऱ्यांना मी स्टॉलच लावू देत नाही.

आणि व्होल्टेजचा नॉब एकदम पिरगाळू नका. हळूहळू वाढवा आणि हात मागे घेऊन बघत बसा, कण आपले आपण रांगेत येतात.