मालक म्हणाला, "खोली खाली करा"

आमच्या गिरगावातल्या चाळीत कुणाला मालकाचं पत्र आलं की ते आधी माझ्याकडे येतं. मी वकिलांकडे कारकुनी केली, भाड्याचे दावे चालतात त्या लघुवाद न्यायालयातच दिवस गेले. पत्र उघडण्याआधी मी विचारतो, तुमच्याकडे भाडेपावती आहे की लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहू देण्याचा, करार?

भाडेपावती असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ तुमच्या पाठीशी आहे. तोंडी दम देऊन किंवा कुलूप ठोकून कुणी बाहेर काढू शकत नाही. मालकाला दावा लावावा लागतो आणि कायद्यातलंच कारण शाबीत करावं लागतं: थकलेलं भाडं, परवानगीशिवाय ठेवलेला पोटभाडेकरू, मालकाची स्वतःची खरी गरज, सबळ कारणाशिवाय सहा महिने बंद पडलेली जागा. गावी जाऊन राहणाऱ्यांनी हे शेवटचं विसरू नये.

सगळ्यात जास्त फसवणूक भाड्यावरून होते. मालक भाडं घ्यायचं थांबवतो, पावती देत नाही आणि मग थकबाकीची नोटीस धाडतो. म्हाताऱ्या माणसांशी असं वागलेलं पाहून माझा संताप होतो. पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याने भाडं नाकारलं तर दर महिन्याला मनीऑर्डर करा किंवा बँकेतून पाठवा. शेऱ्यात महिना आणि खोली नंबर लिहा. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेली मनीऑर्डर जपून ठेवा, कोर्टात तोच पुरावा.

थकबाकीच्या लेखी नोटिशीनंतर ९० दिवस दावा लावता येत नाही. त्यानंतर दावा लागलाच, तर समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरा, पुढचं भाडं भरत राहा, कोर्ट सांगेल तो खर्च द्या. मग थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही.

पाणी किंवा वीज तोडली तर याच कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टात अर्ज करा. तो गुन्हाही आहे.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचं मात्र वेगळं. मुदत संपली की जागा सोडावी लागते, नाहीतर दुप्पट दराने भरपाई लागू शकते. तिथेही मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याचा, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा, आदेश लागतोच. पण समन्सनंतर बाजू मांडायची परवानगी मागायला फक्त ३० दिवस असतात. म्हणून समन्स हातात पडताच त्यावर तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.