राज्याच्या धोरणांवर काम करायचंय? मुक्त बाजाराच्या बाजूने अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

अर्थशास्त्रात एम.ए. करणारी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलंमुली हल्ली बरेचदा विचारतात की खुल्या अर्थव्यवस्थेच्या बाजूने धोरण-अभ्यासात काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दिल्ली असते, केंद्रीय अर्थसंकल्प असतो, रिझर्व्ह बँक असते. मी त्यांना मंत्रालयाकडे वळवते. जमीन, घरभाडं, मुद्रांक शुल्क, मालमत्ता कर, व्यवसाय कर हे सगळं मुख्यतः राज्याच्या हातात आहे. शिक्षण 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीत गेलं, तरी शाळेला मान्यता कोण देतं, शिक्षकाचा पगार कोण काढतं, हे अजूनही राज्यच ठरवतं. सामान्य माणसाच्या खिशाला आणि निवडीला सरकारचा हात सगळ्यात जास्त लागतो तो इथे.

या कामात शिरताना स्वातंत्र्याच्या बाजूचे मोठे ग्रंथ आधी वाचून काढावेत, असं अनेकांना वाटतं. जरूर वाचा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं लेखन तर वाचाच, कारण शेतमालाच्या भावाचा प्रश्न बाजाराच्या भाषेत मांडून लाखो शेतकऱ्यांना रस्त्यावर आणणारा हा विचार मराठीतच घडला. पण पहिल्या वर्षी माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो. एक कायदा घ्या, त्याची कलमं, परंतुकं, दुरुस्त्या वाचा, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीमुळे कोण काय करायचं थांबलं ते शोधा. त्यासाठी भाडे नियंत्रण कायद्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचं प्रमाणित भाडं, म्हणजे कायद्याने मान्य केलेलं कमाल भाडं, 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकलं. युद्ध आणि फाळणीनंतरच्या टंचाईत हे तात्पुरतं म्हणून समजण्यासारखं होतं. पण मुदती वाढत गेल्या. भाडं गोठलं आणि डागडुजीचा खर्च वाढत राहिला, तेव्हा मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. इमारती पडू लागल्यावर 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, दुरुस्तीसाठी इमारतींवर उपकर, म्हणजे जादा कर बसला, आणि मालकाने करायची दुरुस्ती सरकारच्या गळ्यात आली. तेव्हाच्या उपकरप्राप्त इमारती होत्या 19,642. 1973 मध्ये भाडे कायद्यात आणखी एक बदल झाला. त्या वर्षी 1 फेब्रुवारीला जे लिव्ह-लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देणाऱ्या ठरावीक मुदतीच्या करारावर राहत होते, त्यांना भाडेकरूंचं संरक्षण मिळालं. म्हणजे ज्या मालकाने विश्वासाने काही महिन्यांसाठी घर दिलं, त्याचं घर अडकलं. ज्यांनी हे पाहिलं, त्यांनी पुढे घर रिकामं ठेवणं पसंत केलं, यात मला नवल वाटत नाही. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत जनगणनेच्या आधारे मुंबईतली रिकामी घरं जवळपास 4.8 लाख दाखवली आहेत. प्रत्येक रिकाम्या घरामागे हाच कायदा आहे असं म्हणता येणार नाही, गुंतवणूक म्हणून घेतलेली घरंही त्यात आहेत. पण भीतीचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे.

आता याचा करांशी काय संबंध, असं विचाराल. मालमत्ता कर पूर्वी घराच्या करपात्र मूल्यावर, म्हणजे त्याला वर्षाला किती भाडं येऊ शकेल यावर ठरायचा, आणि भाडे नियंत्रणाखालच्या घराला प्रमाणित भाड्यापेक्षा जास्त मूल्य लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. त्यामुळे गोठलेल्या भाड्यासोबत महापालिकेचं उत्पन्नही गोठलं. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आला, तेव्हा कुठे ही गाठ सुटली. करांचा अभ्यासक आणि घरांचा अभ्यासक वेगवेगळ्या खोल्यांत बसले की असे दुवे निसटतात.

1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणित भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचं सांगितलं. त्यानंतर 1999 चा नवा कायदा आला. त्यात वर्षाला 4 टक्के भाडेवाढीची मुभा आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि 1 कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या नियंत्रणातून बाहेर काढल्या. जुने घरगुती भाडेकरू मात्र आत राहिले. 4 टक्के कशावर, हे नीट पाहा: त्याच गोठलेल्या भाड्यावर. गिरगावातल्या चाळीतली भाडेपावती हातात घेऊन बघा. दोन खोल्यांचं मूळ भाडं दोन आकडी, खाली दुरुस्ती उपकराची वेगळी ओळ, आणि भाडेकरूच्या जागी अजून आजोबांचं नाव. त्या एका कागदावर कायद्याचा अख्खा इतिहास असतो.

मात्र तिथे गेलात की फक्त मालकाशी बोलून परत येऊ नका. वरच्या मजल्यावरच्या काकूंशीही बोला. त्यांच्या सासऱ्यांनी पागडी, म्हणजे जागा घेताना द्यायची मोठी एकरकमी रक्कम, मोजून ती जागा घेतलेली असते, आणि त्यांच्या दृष्टीने ती विकत घेतलेलीच आहे. 1999 च्या कायद्याने पागडीला मान्यताही दिली. म्हणजे मालकी दोघांत वाटली गेली आहे, आणि नियंत्रण उठवताना भाडेकरूचा हिस्सा धरला नाही, तर तो मालमत्तेच्या हक्कावरच घाला होईल. मुक्त बाजाराची बाजू घेणाऱ्याने हे आधी ओळखलं पाहिजे, कारण हक्क हा आपल्या विचाराचा पाया आहे. नव्या भाडेकराराला पूर्ण मोकळीक, आणि जुन्या जागांत दोघांचे हिस्से ठरवून टप्प्याटप्प्याने सुटका, असा मार्ग मला योग्य वाटतो.

करांच्या बाबतीत आकड्यांची सवय लावायला मुद्रांक शुल्क चांगलं. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर राज्याने घरांच्या विक्रीवरचं शुल्क 3 टक्क्यांनी उतरवलं. मुंबईत 5 वरून 2 वर आलं, पुढच्या मार्चपर्यंत 3 राहिलं. डिसेंबरात दस्त नोंदणीची झुंबड उडाली. दर उतरवले की व्यवहार वाढतात, हे आवडीचं वाक्य लगेच लिहावंसं वाटतं, पण थांबा. शुल्क भरून करार झाला की नोंदणीला 4 महिने मिळतात, त्यामुळे नोंदणीचा महिना आणि निर्णयाचा महिना एक नसतो. शिवाय पुढे ढकललेले आणि अलीकडे ओढलेले व्यवहार वेगळे काढावे लागतात, आणि एप्रिल 2021 मध्ये कोविडची दुसरी लाट होती. हे सगळं वजा करूनही मी म्हणेन की घर बदलण्यावरचा हा कर वाईटच. नोकरी बदलली म्हणून घर बदलणाऱ्याला तो दंड करतो. व्यवसाय कराचंही एकदा पाहून घ्या: राज्यघटनेच्या अनुच्छेद 276 मध्ये त्याची वर्षाची मर्यादा 1988 पासून 2,500 रुपयांवर आहे, म्हणून पगाराच्या चिठ्ठीत 200 आणि फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतात.

शिक्षणात नव्यांची सगळ्यात जास्त घाई होते. पैसा शाळेला देण्याऐवजी मुलामागे द्यावा, पालकाने शाळा निवडावी, हे मलाही मनापासून पटतं. आपल्याकडे याचं जवळचं रूप म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12 मधल्या, खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागा. सरकार खासगी शाळेला मुलामागे परतावा देतं, महाराष्ट्रात तो वर्षाला 17,670 रुपये ठरला होता. परतावा थकला की शाळा जागा भरायला नाखूश होते, आणि पालकाची निवड कागदावर राहते. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलून 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला, सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. त्या प्रकरणात मी पालकांच्या बाजूची होते. मुलाला शाळेच्या फाटकाबाहेर ठेवणारा नियम खासगी शाळेच्या सोयीचा असला, म्हणून तो बाजाराच्या बाजूचा होत नाही.

आणि पुरावा पूर्ण वाचा. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी चिठ्ठ्या टाकून खासगी शाळेच्या फीचं व्हाउचर दिलेल्या मुलांचा अभ्यास केला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी शाळांत गेलेली मुलं तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे गेली नाहीत. हिंदीत गेली. पण खासगी शाळांचा मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी होता. आपल्या बाजूचा अर्धाच निकाल सांगणाऱ्याचं दुसऱ्या बैठकीत कुणी ऐकत नाही.

आता नोकरीबद्दल थोडंसं. संशोधन संस्था, उद्योग-संघटनांचे धोरण विभाग, सल्लागार कंपन्या, आमदार-खासदारांसोबतच्या फेलोशिप, राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप, अशी दारं आहेत. पगार सुरुवातीला बेताचा, आणि कंत्राट बहुधा वर्षाचं. संस्थेला पैसा कोण देतं हे मुलाखतीतच विचारा. बिल्डरच्या देणगीवर चटईक्षेत्राचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याचा, अहवाल लिहायची वेळ आली, तर देणगीदाराचं नाव पहिल्या पानावर छापायचा हट्ट धरा. मराठी चांगली असेल तर तुमचं पारडं जड आहे, कारण शासन निर्णय, विभागाच्या टिप्पण्या, विधानसभेतली उत्तरं मराठीतच असतात आणि इंग्रजी माध्यमातले बरेच उमेदवार तिथे अडखळतात.

अर्जासोबत दोन पानांची टिप्पणी जोडा. विषय हवा असेल तर हा घ्या: तुमच्या जिल्ह्यात 25 टक्के जागांचा परतावा किती वर्षांचा थकला आहे आणि त्या काळात किती जागा रिकाम्या राहिल्या. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा, 150 शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील करा आणि टिप्पणीत तारखांसकट लिहा.